लहान तोंडी

फ्लँबो नदी ऑगस्टच्या शेवटी कंबरेएवढी उरते,
रंग कोऱ्या चहाचा.
होडी आर्लिसची. ॲल्युमिनियमची. डाव्या कुशीला पोचा,
जिथं डेलमरनं शहाऐंशी साली
सगळा दोष खडकाला दिला होता.
डेलमर गेला. पोचा आहे.

तीन दिवसांचं सामान: तंबू दोन
(तिच्या घोरण्यामुळे; ती म्हणते, माझ्या),
बटाटे, कांदे, बेकन, डासांचं मलम,
आणि तिची पत्र्याची पेटी, जिच्यात
रबरी क्रेफिश रंगवार निजलेले:
शेवाळी, गंजके, मातकट,
आणि एक जांभळा,
ज्याला आजवर एकही मासा लागला नाही
आणि जो दर वर्षी येतो.

"खडकाच्या सावलीत टाक. पडू दे.
आता काही करू नकोस."
हे काही न करणंच मला जमत नाही.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे ताटं वाढणारे हात,
ओढतातच.
दोरी हलते, ती नदी असते.
दोरी अडते, तो दगड असतो.
मग दोरी हलत नाही, अडत नाही,
नुसती जड होते,
आणि आर्लिस वल्हं खाली ठेवते.

वर आला तो अख्खा, पाण्याबाहेर.
पितळी अंग, कुशीवर उभे काळपट पट्टे,
लाल डोळा, रागाचा नव्हे,
झोपमोड झालेल्या माणसाचा.
स्मॉलमाउथ बास.
नावाला लहान तोंड. घास मात्र
माझ्या करंगळीहून मोठा.

त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून उचलायचं,
गळ काढायचा, प्रवाहाकडे तोंड करून
धरायचा थोडा वेळ, मग सोडायचा.
दात म्हणावेत असे दात नाहीत. पॉलिशपेपर.
बारा मासे झाले तेव्हा
अंगठ्याची साल निघाली होती,
आणि मी ती आर्लिसला दाखवत होते,
पहिल्या दिवशी शाळेतून आलेल्या पोरीसारखी.

रात्री बटाटे मधे कच्चेच राहिले.
पलीकडच्या काठावर कुणाचा तरी कुत्रा
आमच्या बेकनबद्दल बोलत होता.
आर्लिस विस्तवात काडी सारत म्हणाली,
"होडी विकली. सोमवारी लेडीस्मिथहून एक पोरगा येतोय न्यायला.
पोचा सांगितलाय त्याला."
मग, बऱ्याच वेळानं,
"टूसॉनला लेकीकडे खोली आहे. खाली, जिने नाहीत.
तिथंही नद्या आहेत म्हणे,
फक्त पाणी नसतं."

आणि हसली.
मीही हसले, कारण ते हसण्यासारखं होतं.
एकोणतीस वर्षं होडीच्या पुढच्या फळीवर
तिच्याकडे पाठ करून बसलेली मी.
नको जाऊस, म्हणायचं होतं.
लहान तोंडी मोठा घास.
"कांदा जळतोय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि तिसऱ्या दिवशी ऊन,
आणि या दोहोंबद्दल सांगण्यासारखं काही नाही,
एवढंच की तिसऱ्या सकाळी आर्लिसनं
फक्त जांभळा टाकला.
पुलापासून जुन्या गिरणीच्या भिंतीपर्यंत,
चार तास, जांभळा.
काही लागलं नाही.
"बघ," ती म्हणाली, जिंकल्यासारखी.

होडी गाडीवर चढवताना
ती दोर बांधत होती, तिची पाठ माझ्याकडे,
पहिल्यांदाच अशी उलटी.
मी पेटी उघडली.

आज मंगळवार. शाळा सुरू झाली.
तीनशे ताटं, मक्याचे दाणे, गाजरं.
ॲप्रनची गाठ मारताना अंगठा
धाग्यात अडकतो, प्रत्येक वेळी.
खिशात फोन थरथरतो.
आर्लिस विचारतेय,
"जांभळा सापडत नाही. तू पाहिलास का?"

अजून उत्तर दिलेलं नाही.
पडू देते आहे.